नाव तेच, क्रम वेगळा

(मांजलपूर, वडोदरा येथे दिलेल्या व्याख्यानाचे लेखरूप)



निमंत्रणपत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय ‘ग्रंथालये आणि बदल’ असा छापला आहे. तो चुकलेला नाही. पण मी ज्या ग्रंथालयांविषयी बोलणार आहे, त्यांत पुस्तके नसतात. संगणकाच्या आतही ‘लायब्ररी’ असते. अनेक प्रोग्रॅमना लागणारी कामे, म्हणजे अक्षरे जुळवणे, याद्या अनुक्रमाने लावणे, मजकूर कुलूपबंद करून धाडणे, ही प्रत्येकाने आपापली करण्याऐवजी एका ठिकाणी लिहून ठेवलेली असतात आणि सगळे तिथून उसनी घेतात. साहित्याच्या प्राध्यापिकेने यावर का बोलावे, असे कुणाच्या मनात आले असेल. माझ्याकडून एक पुस्तक हरवले आहे, म्हणून मी बोलते आहे.

बडोद्यात ग्रंथालयाचा विषय निघाला की सयाजीरावांचे नाव यायचेच. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणायला लावले. बॉर्डन यांनी बडोद्यासाठी वर्गीकरणाची एक पद्धतही बसवली. त्या इतिहासात आज मला शिरायचे नाही, त्यावर इथे बसलेल्यांपैकी काहींचा अधिकार माझ्याहून मोठा आहे. मला त्यातली एकच गोष्ट हवी आहे. पुस्तकाच्या पाठीवरचा आकडा हा त्या पुस्तकाचा गुण नसतो. तो एका कराराची खूण असतो. लावणाऱ्याचा आणि शोधणाऱ्याचा नियम एक असेल तोवर पुस्तक सापडते. दोघांपैकी एकाने नियम बदलला आणि दुसऱ्याला कळवले नाही, तर पुस्तक जागेवर असूनही नसल्यासारखे होते.

गेली काही वर्षे मी बडोद्यात छापल्या गेलेल्या मराठी पुस्तकांची यादी करते आहे. श्रीसयाजी साहित्यमालेतली पुस्तके, नाटकांच्या पदांच्या चोपड्या, शाळेची क्रमिक पुस्तके, सत्कारसमारंभांच्या स्मरणिका. बरीचशी जुन्या मराठी घरांनी जागा बदलताना माझ्याकडे आणून दिली. मांजलपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती खोक्यांत आहेत. तिसऱ्या खोक्यातले अठ्ठेचाळिसावे पुस्तक म्हणजे ३-४८. एकतिसाव्या खोक्यातले पाचवे म्हणजे ३१-५. यादी संगणकावर, पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये. संगणकावर लिनक्स, त्यातही डेबियन. हे सगळे फुकट मिळते, एवढ्याच कारणाने मी ते निवडले होते. पुढे त्याची गोडी लागली.

२०१९ च्या दिवाळीच्या सुटीत मी डेबियनची नववी आवृत्ती काढून दहावी घातली. डेटाबेस मात्र होता तोच राहू दिला. चालणाऱ्या यादीला हात कशाला लावा, असा शहाणा विचार केला. नवी आवृत्ती चढत असताना पडद्यावर इंग्रजीत पानेच्या पाने सरकत होती. मी एंटर दाबत गेले. चकल्या तळायच्या होत्या.

सुटीनंतर एक विद्यार्थिनी प्रबंधासाठी यादी पडताळायला येऊ लागली. ती पुस्तक हातात घेई, पाठीवरचा क्रमांक टाकी, आणि पडद्यावर नोंद जुळवी. दुसऱ्या दिवशी तिने विचारले, ‘‘बाई, ३-४८ ची नोंदच नाही. करू का?’’ मी स्वयंपाकघरातून सांगितले, ‘‘राहिली असेल, कर.’’ तिने केली. अशा पाचपंचवीस नोंदी तिने केल्या. यादीत एक क्रमांक दोनदा येऊ नये अशी सोय मी मुद्दाम करून ठेवली होती. त्या सोयीने एकदाही हरकत घेतली नाही.

काही महिन्यांनी मी पुस्तकांच्या नावांप्रमाणे यादी छापून काढली, तेव्हा काही पुस्तके दोनदा दिसली. मला वाटले, दोन घरांतून आलेल्या दोन प्रती असतील आणि क्रमांक टाकताना बोट घसरले असेल. त्यांतले एक पुस्तक, मुखपृष्ठ गेलेले, नाट्यपदांचे, मी खोक्यातून काढले आणि एका कार्यक्रमाला आलेल्या अनोळखी अभ्यासकाला जादा प्रत म्हणून देऊन टाकले. त्याला फार आनंद झाला. मलाही झाला. नंतर दुसरी प्रत काढायला गेले, तर खोक्यात तिची जागा रिकामी. नोंदी दोन होत्या, पुस्तक एकच होते.

शेजारच्या विंगेतला एक मुलगा सर्व्हर सांभाळण्याचे काम करतो. गुजराती आहे, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ बोलतो. त्याने दहा मिनिटे यादी पाहिली आणि विचारले, ‘‘मावशी, डेबियन कधी बदललं? आणि नंतर रीइंडेक्स केलं होतं का?’’ मग त्याने मला एक छोटा प्रयोग करून दाखवला. ११ आणि १-१ या दोन ओळी, अनुक्रम लावायला सांगायचे. जुन्या यंत्रावर आधी ११, मग १-१. नव्यावर आधी १-१, मग ११. बाकी काही बदललेले नव्हते.

हे काय झाले, ते सांगते. लिनक्समध्ये सगळ्यांच्या तळाशी एक लायब्ररी असते, तिचे नाव जीलिबसी. तुमचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम तिच्यावर उभा असतो. अक्षरांचा अनुक्रम कसा लावायचा, हेही तीच सांगते. ऑगस्ट २०१८ मध्ये तिची २.२८ ही आवृत्ती आली आणि अनुक्रमाचे नियम आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१६ च्या पाठाशी जुळवून घेण्यात आले. जुन्या नियमात मधली आडवी रेघ आधी धरतच नसत. ३-४८ म्हणजे ३४८, ३१-५ म्हणजे ३१५, म्हणून ३१-५ आधी. नव्या नियमात रेघेला स्वतःचे स्थान आहे आणि ते अंकांच्या आधी आहे, म्हणून ३-४८ आधी. खरे सांगायचे तर नवा नियम अधिक बरा आहे. तिसरे खोके एकतिसाव्याच्या आधी यावे, हेच कुणीही म्हणेल.

पण डेटाबेसची सूची जुन्या नियमाने लावून ठेवलेली होती. कार्डांच्या कपाटाची कल्पना करा. शोधणारा सगळी कार्डे चाळत नाही. तो मधला खण उघडतो, हातातला क्रमांक याच्या आधीचा की नंतरचा ते ठरवतो आणि अर्धे कपाट सोडून देतो. पुन्हा तसेच करतो. काल रात्री कुणी त्याच्या डोक्यातला नियम बदलला आणि कार्डे जुन्याच क्रमाने राहिली, तर तो पूर्ण आत्मविश्वासाने चुकीच्या बाजूला जाईल, शेवटच्या खणापाशी पोचेल आणि म्हणेल, नोंद नाही. क्रमांक दोनदा येऊ नये म्हणून पाहणारा पहारेकरीही हाच. त्यालाही जुनी नोंद दिसली नाही, म्हणून त्याने नवी आत सोडली. आणि सगळीच कार्डे हरवत नाहीत, मधूनमधून काही हरवतात, त्यामुळे संशयही येत नाही.

दोष कुणाचा? माझा. जीलिबसी करणाऱ्यांनी हा बदल आपल्या आवृत्तीच्या टिपणात नोंदवला होता. पोस्टग्रेसवाल्यांनी सूची पुन्हा बांधा, असे लिहून ठेवले होते. सूची पुन्हा बांधण्याची आज्ञा एका ओळीची आहे. मी ती वेळेवर दिली असती, तर पुस्तक घरी असते. तरी एक प्रश्न मनातून जाईना. डेबियनसारखी काटेकोर मंडळी, त्यांच्या बंदोबस्तातून हा बदल इतका चुपचाप कसा निसटला? त्या शोधात मला जे कळले, तेच खरे तर आज भाषेच्या लोकांपुढे मांडायचे आहे.

डेबियनला ‘वितरण’ म्हणतात. जगभर वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले प्रोग्रॅम आणि लायब्ऱ्या गोळा करायच्या, एकमेकांशी पटतील अशा बेताने मांडायच्या आणि एक संच म्हणून द्यायच्या, हे वितरणाचे काम. १९९३ पासून स्वयंसेवक ते करीत आले आहेत. आज संचात साठ हजारांहून अधिक गाठोडी आहेत. त्यांतल्या एका लायब्ररीची नवी आवृत्ती जुनीशी जुळत नसेल, तर तिच्यावर विसंबलेल्या शेकडो प्रोग्रॅमचे काय करायचे?

त्यांचा पहिला उपाय नावाचा आहे. प्रत्येक लायब्ररीच्या नावाला आकडा जोडलेला असतो आणि प्रोग्रॅम तयार होताना तो आकड्यासकट नाव टिपून ठेवतो. लायब्ररीने जुना करार मोडला, तर आकडा बदलायचा. सुरक्षित देवाणघेवाणीसाठी लागणारी ओपनएसएसएल घ्या. डेबियनच्या अकराव्या आवृत्तीत तिचे गाठोडे लिबएसएसएल १.१ होते, बाराव्यात लिबएसएसएल ३ झाले. नावे वेगळी, म्हणून दोन्ही एकाच यंत्रावर शेजारी शेजारी नांदू शकतात. जुना प्रोग्रॅम जुनीला हाक मारतो, नवा नवीला.

मांजलपूरकरांना हे समजायला अवघड नाही. आमच्या मजल्यावर दोन घरांत दोन दिनदर्शिका आहेत. गुजराती शेजाऱ्यांचे वर्ष कार्तिकी पाडव्याला बदलते, आमचे गुढीपाडव्याला. महिन्यांची नावे तीच, तिथ्या त्याच, वर्षाचा आकडा निराळा. तरी घोळ होत नाही, कारण ते आकड्यामागे संवत म्हणतात आणि आम्ही शके. करार कोणता, ते नावातच आले. याउलट टिळक पंचांग पाळणारे घर आणि दाते पंचांग पाळणारे घर एकाच कुटुंबात असले, म्हणजे काय होते ते कोकणातल्या मंडळींना विचारा. सणाचे नाव एक, तिथी एक, पण कधी दिवस वेगळा, क्वचित महिनाही वेगळा. गणित बदलले आहे, नाव बदललेले नाही.

दुसरा उपाय धीराचा. एकाच प्रोग्रॅमला दोन बाजूंनी एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या येऊन भिडल्या, तर शेजारी नांदण्याची सोय कामाला येत नाही. म्हणून डेबियनमध्ये अशा बदलाला ‘ट्रान्झिशन’ म्हणतात आणि तो लग्नकार्यासारखा पार पाडतात. कोण कोण विसंबून आहे त्याची यादी काढतात, प्रत्येकाची नव्या लायब्ररीवर पुनर्बांधणी करतात, जो अडतो त्याच्यासाठी थांबतात, आणि सगळे तयार झाले की एकदमच पुढच्या घरात नेतात. १९९८ च्या जुलैमध्ये आलेली दुसरी आवृत्ती अशीच जुन्या सी लायब्ररीकडून नवीकडे गेली होती.

अलीकडचे उदाहरण तर मला फार आवडते. ३२ बिटांच्या यंत्रांवर वेळ मोजण्याचा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी भरून जातो, पुढे मोजायला जागा नाही. म्हणून तो ६४ बिटांचा करायचा ठरले. पण त्यामुळे वेळेचा आकडा एकमेकांकडे सोपवणाऱ्या शेकडो लायब्ऱ्यांचा करार मोडत होता आणि मूळ लेखकांनी तर नावातले आकडे बदललेले नव्हते. तेव्हा २०२४ साली डेबियनने आपल्या बाजूनेच त्या गाठोड्यांच्या नावांना टी६४ असे शेपूट लावले. कानाला किती कर्कश नाव, लिबएसएसएल ३ टी६४! पण जुन्या अपेक्षेने कुणी हाक मारली, तर चुकून नव्याने ओ देऊ नये, एवढ्यासाठी ते कर्कश नाव त्यांनी पत्करले.

आता जीलिबसीकडे परत येते. तिच्या नावातला आकडा आहे ६, आणि तो १९९८ च्या त्या संक्रमणापासून तोच आहे. तिच्यात हजारो कामे आहेत, एकासाठी नाव बदलले तर सारे जग पुन्हा बांधावे लागेल. म्हणून तिने तिसरा उपाय काढला. एखाद्या कामाची रीत बदलली, तर जुनी रीतही पोटात जपून ठेवायची आणि प्रत्येक प्रोग्रॅमला त्याच्या जन्मकाळाप्रमाणे वाढायचे. २०१० मध्ये स्मृतीतला मजकूर हलवण्याच्या एका कामाची रीत बदलली, तेव्हा फ्लॅश प्लेयरचा आवाज खरखरू लागला. करारात नसलेल्या एका सवयीवर तो विसंबून होता. तात्त्विक वाद पुष्कळ झाला, पण अखेर जुन्यांना जुनी रीत आणि नव्यांना नवी, अशी वाटणी झाली. हा बंदोबस्त कामांपुरता आहे. अनुक्रमाचे नियम म्हणजे काम नव्हे, ती माहिती. माहितीला असा जन्मकाळ चिकटवलेला नव्हता. लायब्ररीचे नाव तेच, कामाचे नाव तेच, फक्त तक्ता बदलला. नावावर पहारा ठेवणाऱ्या यंत्रणेला तो दिसणारच नव्हता.

हे वाचत असताना मला एकदम आपले शुद्धलेखनाचे नियम आठवले. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी चार आले. नांव, कांहीं, करणें यांवरचे अनुस्वार गेले. कवि आणि गुरु यांचे अंत्य स्वर दीर्घ झाले. वर्गात आपण हे नियम व्याकरण म्हणून शिकवतो. विसंबलेल्यांच्या बाजूने पाहिले, तर ते न जुळणारे आवृत्तीबदल आहेत. ‘कवि’ शब्दात एक लघू आणि शेवटी दुसरा लघू. ‘कवी’ केले की शेवटी गुरू आला आणि वृत्तबद्ध ओळ एका मात्रेने लंगडली. आपल्या बडोद्याचे राजकवी यशवंत यांच्या पिढीची कविता नव्या नियमांनी छापताना जाणता संपादक तिथे थबकतो. अजाणता मुद्रितशोधक थबकत नाही, कारण शब्द तोच दिसतो.

आणि तरी त्या नियमावलीत एक नियम असा आहे, की तो वाचून मला जीलिबसीच्या कर्त्यांची आठवण होते. केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य छापताना ते मुळाबरहुकूम छापावे, त्यानंतरचे नव्या नियमांनी, असा तो आहे. जन्मकाळाप्रमाणे वाढणे म्हणजे हेच! ज्यांनी तो घातला त्यांना संगणक ठाऊक नसणार, पण विसंबलेले कोण आहेत ते ठाऊक होते. रेघ केशवसुतांपाशीच का ओढली, यावर वाद घालता येईल. मी घालीनही. पण रेघ ओढायला हवी हे त्यांना कळले होते.

त्या मानाने आजचे बदल आपण फार बेसावधपणे करतो. ‘ॲ’ हे अक्षर पाहा. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाने ते वर्णमालेतही आले. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र देत. आजही देतात. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला ते दोन वेगळे शब्द आहेत. ‘दऱ्या’तला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. छापल्यावर ब्रह्मदेवालाही फरक सांगता येणार नाही, आणि एका तऱ्हेने शोधले तर दुसरा सापडत नाही. माझ्या यादीत दोन्ही तऱ्हा आहेत, कारण पहिली काही वर्षे मी एका कळफलकावर टंकन केले आणि पुढची दुसऱ्या. ‘ळ’चे तर विचारूच नका. आपली वर्णमाला त्याला ह नंतर बसवते, युनिकोडच्या तक्त्यात तो ल च्या शेजारी आहे. कोणत्या सूचीने कोणता नियम धरला, हे सूचीच्या पहिल्या पानावर लिहिलेले मी क्वचितच पाहिले आहे.

इथे माझी आपल्या संस्थेकडे, आणि शब्दकोशांचे, सूचींचे काम करणाऱ्या प्रत्येकाकडे एक मागणी आहे. बदल करू नका, असे मी म्हणत नाही. नवा नियम बहुधा बराच असतो. पण जेव्हा लेखनाचा, अक्षराचा किंवा अनुक्रमाचा नियम बदलाल, तेव्हा त्याला नाव आणि साल द्या, आणि त्यावर कोण विसंबून आहे ते आधी शोधा. शाळेची पुस्तके, कोश, ग्रंथालयांच्या सूची, प्रबंधांतली परिशिष्टे. डेबियनवाले एक गाठोडे बदलण्याआधी विसंबलेल्यांची यादी काढतात. आपल्याकडे परिपत्रक निघते, आणि विसंबलेल्यांना ते कळते तेव्हा परीक्षेत गुण कापले गेलेले असतात.

पोस्टग्रेसवाल्यांनी आता सोय केली आहे. २०२२ च्या पंधराव्या आवृत्तीपासून डेटाबेस आपला अनुक्रम कोणत्या आवृत्तीच्या नियमाने लावला ते टिपून ठेवतो आणि नियम खालून बदलला तर तक्रार करतो. मी ती आवृत्ती घातली. या वेळी आधी सगळी यादी बाहेर साध्या मजकुरात उतरवून घेतली आणि नव्या घरात पुन्हा भरली, म्हणजे सूची नव्याने बांधली जाते. दुबार नोंदी त्या विद्यार्थिनीने आणि मी मिळून निस्तरल्या. दोन शनिवार गेले. तिने तिच्या परिशिष्टात प्रत्येक नोंदीपुढे मुखपृष्ठावरचे मूळ लेखन आणि आजचे लेखन, अशी दोन्ही रूपे दिली आहेत. पाने वाढली म्हणून मार्गदर्शक जरा कुरकुरले.

३-४८ ची एक नोंद मी काढून टाकली. दुसरी ठेवली आहे. तिच्यापुढे ‘प्रत देण्यात आली’ असे लिहून तारीख घातली आहे. नाव घालता आले नाही, ते मी विचारलेच नव्हते. मध्यम वयाचे गृहस्थ होते, हातात कापडी पिशवी होती आणि मुंबईच्या गाडीची घाई होती. मुखपृष्ठ नसलेले, नाट्यपदांचे, पहिल्या पानावर जांभळ्या शाईत एका घराचा शिक्का असलेले पुस्तक आपल्यापैकी कुणाच्या पाहण्यात आले, तर मला परत नको आहे. पहिल्या आणि शेवटच्या पानाचे छायाचित्र मिळाले तरी नोंद पुरी करता येईल.